हळदीचा डाग आणि अंधारात झोपलेलं औषध

शाळेच्या पांढऱ्या सदऱ्यावर आमटी सांडली, की पुढचा कार्यक्रम घरोघरी ठरलेला असतो. आधी आईची बोलणी, मग साबण. साबण लागला की पिवळा डाग एकदम लालभडक होतो आणि सांडणाऱ्याच्या पोटात गोळाच येतो! घासून घासून हात दुखतात, तरी डाग जागचा हलत नाही. मग आजी शांतपणे म्हणते, "अगं, कशाला एवढी घासतेस? धुऊन उन्हात टाक. ऊन खाईल त्याला."

आणि ऊन खरंच खातं! सकाळी गच्चीतल्या दोरीवर टाकलेला सदरा संध्याकाळी काढायला जावं, तर डागाचा पत्ता नसतो.

पण तुम्ही कधी नीट निरखून पाहिलंय का? वाळत टाकताना बाही दुमडली गेली असेल, तर दुमडीच्या आतला डाग तसाच पिवळा राहतो. जिथे ऊन पोचलं तिथला गेला, जिथे सावली होती तिथला राहिला. एकच कापड, एकच हळद, एकच दुपार, आणि मध्ये फक्त एक घडी!

ही घडी लक्षात ठेवा, मुलांनो. आज मी तुम्हाला ज्या औषधांची गोष्ट सांगणार आहे, तिचं सगळं मर्म या घडीत आहे.

हळदीचा पिवळा रंग कर्क्युमिन नावाच्या रेणूचा असतो. रेणू म्हणजे हातात हात घालून उभ्या राहिलेल्या अणूंची टोळी. उजेड येतो तो ऊर्जेच्या इवल्या इवल्या पुड्यांमधून. कर्क्युमिनने अशी एक पुडी गिळली, की त्याच्यातला एखादा इलेक्ट्रॉन नेहमीची जागा सोडून वरच्या जागेवर उडी मारतो. त्यामुळे अणूंची पकड बदलते, आसपासचा ऑक्सिजन संधी साधतो आणि रेणूचे तुकडे होतात. तुकड्यांना पिवळा रंग नसतो, म्हणून आपण म्हणतो, डाग गेला.

आता विचार करा. असं एखादं औषध करता आलं, जे अंगात गेल्यावर अंधारात गुपचूप झोपून राहील आणि डॉक्टर जिथे उजेड टाकतील तेवढ्याच जागी जागं होईल, तर?

पेशीतला गोफ

जागं होऊन ते औषध करणार काय, हे समजायला आधी आपल्या पेशीत डोकावू या.

तुम्ही गोफ नृत्य पाहिलं असेल. वर बांधलेल्या रंगीत दोऱ्या हातात धरून मुलं-मुली एकमेकांना वळसे घालत नाचतात आणि बघता बघता वेणी विणली जाते. मग उलट पावलांनी नाचत तोच गोफ सोडवतात. आपल्या पेशीतही असाच एक गोफ असतो. त्याचं नाव डीएनए. दोन दोऱ्या एकमेकींभोवती पिळलेल्या, आणि त्यांना जोडणाऱ्या मधल्या पायऱ्या. एका पेशीतल्या गोफाला सुमारे ६०० कोटी पायऱ्या असतात, निम्म्या आईकडून आलेल्या, निम्म्या वडिलांकडून. तो सरळ केला तर सुमारे दोन मीटर लांब भरेल, म्हणजे तुमच्या बाबांपेक्षाही उंच. आणि तो मावतो कुठे? एका मिलिमीटरचे हजार भाग केले, तर त्यातल्या पाच-सहा भागांएवढ्या केंद्रकात!

पायऱ्या बनतात चार प्रकारच्या तुकड्यांच्या: अ‍ॅडेनिन, थायमिन, ग्वानिन आणि सायटोसिन. यातला ग्वानिन लक्षात ठेवा, तो पुढे भेटणार आहे.

एका पेशीच्या दोन पेशी होताना हा सगळा गोफ उलगडतो आणि त्याची हुबेहूब नक्कल तयार होते. तुम्ही उंच होता, गुडघ्यावरची जखम भरते, ती याच नकलेमुळे. पण कर्करोगाच्या पेशींना थांबायचं कधी हे कळेनासं झालेलं असतं. त्या नकला करत, दोनाच्या चार, चाराच्या आठ होत राहतात. त्यांना रोखायचा एक मार्ग म्हणजे त्यांच्या गोफाला अशी गाठ मारायची, की तो सोडवताच येऊ नये. गोफ सोडवला नाही, तर नक्कल नाही. आणि दुरुस्त न होणारा गोफ घेऊन बसलेली पेशी शेवटी स्वतःच स्वतःला मोडून टाकते.

अशी गाठ मारणारा एक धातू आहे. तो सापडला मात्र भलत्याच वाटेने.

तीस मीटरची भेंडी

अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग नावाचे शास्त्रज्ञ होते. मूळचे ते भौतिकशास्त्राचे. विभागणाऱ्या पेशीचं चित्र पाहिल्यावर त्यांना लोहचुंबकाभोवती लोखंडाचा कीस जसा रेषारेषांनी रांगा धरतो, त्याची आठवण झाली. त्यांच्या मनात आलं, पेशी विभागण्याचा विजेशी काही संबंध असेल का? मग लॉरेटा व्हॅन कॅम्प आणि थॉमस क्रिगास या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी जीवाणूंच्या द्रावणात दोन पट्ट्या सोडून वीज खेळवली. पट्ट्या प्लॅटिनमच्या निवडल्या, कारण प्लॅटिनम म्हणजे कुणाच्या अध्यात ना मध्यात, असा शांत धातू.

थोड्या वेळाने सूक्ष्मदर्शकातून पाहतात तर काय! जीवाणू विभागायचे थांबले होते, पण वाढायचे थांबले नव्हते. ते नुसते लांबच लांब होत सुटले होते. काही तर नेहमीपेक्षा ३०० पट लांब! तुमच्या ताटातली बोटभर भेंडी ३०० पट वाढली, तर ती दहा मजली इमारतीच्या गच्चीला टेकेल. तसं काहीसं तिथे चाललं होतं. वीज बंद केली की जीवाणू पुन्हा विभागायला लागत.

वाटलं, विजेचीच करामत! पण रोझेनबर्ग आणि मंडळींनी घाई केली नाही. एकेक गोष्ट बदलून पाहिली आणि त्यांना कळलं, की वीज निर्दोष आहे. शांत समजलेला प्लॅटिनमच कणाकणाने पाण्यात उतरत होता आणि तिथल्या अमोनिया-क्लोरीनशी जोडी जमवत होता. १९६५ साली ‘नेचर’ या साप्ताहिकात त्यांनी हे जगाला सांगितलं.

पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो. त्यांनी वीज बाजूला ठेवली आणि बाटलीतला प्लॅटिनमचा क्षार घेऊन ताजं द्रावण केलं. जीवाणू लांब होईनात! मात्र तेच द्रावण प्रयोगशाळेच्या टेबलावर बरेच दिवस पडून राहिलं, की काम करायला लागे. असं का? कारण टेबलावर उजेड होता. उजेडाने प्लॅटिनमच्या हातातला क्लोरीन सोडवून तिथे अमोनिया बसवला होता. म्हणजे आपल्या गोष्टीत उजेड पहिल्या दिवसापासून हजर होता, त्याला ओळखायला फक्त थोडा वेळ लागला.

चार हातांचा प्लॅटिनम

जीवाणूंचं विभागणं रोखणाऱ्या या शोधातून कर्करोगावरचं जे औषध निघालं, त्याचं नाव सिसप्लॅटिन. हा पदार्थ काही नवा नव्हता. मिकेले पेरोने या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने तो १८४४ सालीच तयार केला होता. शंभराहून अधिक वर्षं तो पुस्तकांत आणि बाटल्यांत पडून होता आणि तो कर्करोगावरचं औषध आहे, हे कुणाला ठाऊकच नव्हतं!

त्याची रचना अगदी सोपी आहे. मध्ये प्लॅटिनमचा एक अणू. त्याला गणपतीसारखे चार हात. शेजारशेजारच्या दोन हातांत अमोनिया, उरलेल्या दोन हातांत क्लोरीन. पेशीच्या आत शिरलं, की क्लोरीन सुटतात आणि दोन हात मोकळे होतात. ते हात शोधतात आपल्या ओळखीच्या ग्वानिनला. गोफावर एकाशेजारी एक दोन ग्वानिन दिसले, की प्लॅटिनम दोघांना घट्ट पकडतो. दोन ग्वानिन एकमेकांकडे ओढले जातात आणि गोफ त्या जागी कोपरात वाकल्यासारखा वाकतो. झाली गाठ!

हेच चार हात, पण क्लोरीन शेजारी न बसता समोरासमोर बसले, तर मात्र औषध कुचकामी ठरतं. अणू तेच आणि तेवढेच, फक्त बसायच्या जागा बदलल्या. रसायनशास्त्रात कोण कुठे बसलंय, याला फार महत्त्व असतं.

१९७८ साली अमेरिकेत सिसप्लॅटिनला मान्यता मिळाली आणि तेव्हापासून त्याने असंख्य माणसांचे प्राण वाचवले आहेत. पण त्याची एक अडचण आहे. गोफ तर प्रत्येक पेशीत असतो, चांगल्या पेशीतही! सिसप्लॅटिन रक्तातून सगळीकडे फिरतं आणि आपलं-परकं न बघता गाठी मारतं. म्हणून रुग्णाला खूप उलट्या होतात, मूत्रपिंडांना इजा होऊ शकते, काहींचं ऐकणं कमी होतं. तुमच्या ओळखीत कुणी केमोथेरपी, म्हणजे कर्करोगावरची अशी औषधं, घेतली असतील, तर त्यांचा थकवा तुम्ही पाहिला असेल. औषध काम करत असतं, पण त्याची किंमत सगळं शरीर मोजत असतं.

इथे आपली सदऱ्यावरची घडी आठवा. औषध सगळीकडे गेलं तरी चालेल, पण ते जागं व्हावं फक्त उजेडात. बाकी सगळं अंग म्हणजे दुमडीच्या आतलं कापड.

आधी कुलूप, मग उजेडाची किल्ली

उजेड आणि औषध यांची सांगड आपल्याकडे फार जुनी आहे. बावची नावाच्या झाडाच्या बिया आयुर्वेदात कोडावर वापरत आणि रुग्णाला उन्हात बसवत. आता आपल्याला कळलंय, की बावचीत सोरालेन नावाचे रेणू असतात. ते चपटे असल्यामुळे डीएनएच्या दोन पायऱ्यांच्या मधल्या फटीत सरकतात आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी जागे होऊन तिथल्या थायमिनला चिकटतात. मात्र बावची स्वतः लावून बघू नका हं! उन्हात तिने कातडीला भाजल्यासारखे फोड येऊ शकतात. जागं झालेलं औषध किती ताकदीचं असतं, हे त्यावरून ओळखा.

आता धातूकडे वळू. स्कॉटलंडमधल्या एडिनबरा विद्यापीठात आणि पुढे इंग्लंडमधल्या वॉरिक विद्यापीठात पीटर सॅडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सुंदर युक्ती केली. प्लॅटिनमचं आणखी एक रूप असतं. त्यात त्याला चारऐवजी सहा हात असतात: चार बाजूंना, एक वर, एक खाली. या सहाही हातांत त्यांनी काही ना काही देऊन ठेवलं. ज्याचे सगळे हात असे घट्ट गुंतले आहेत, तो कुणाला पकडणार? म्हणून हा सहा हातांचा प्लॅटिनम अंधारात अगदी शांत असतो. हे झालं कुलूप.

आता किल्ली. सहापैकी दोन हातांत त्यांनी अ‍ॅझाइड दिले. अ‍ॅझाइड म्हणजे नायट्रोजनच्या तीन अणूंची रांग. बरीच वर्षं मोटारींच्या एअरबॅगमध्ये अ‍ॅझाइडचाच क्षार भरत असत. धडक बसली की क्षणात तो फुटून नायट्रोजन वायू सुटे आणि पिशवी फुगे. सॅडलर यांच्या रेणूत धडकेचं काम उजेड करतो. निळा प्रकाश पडला, की इलेक्ट्रॉन उडी मारतो, अ‍ॅझाइडची पकड सुटते आणि जाता जाता तो एक इलेक्ट्रॉन प्लॅटिनमकडे ठेवून जातो. सहा हातांचा प्लॅटिनम पुन्हा चार हातांचा होतो आणि मोकळ्या हातांनी ग्वानिनला जाऊन धरतो. २००३ साली या गटाने दाखवून दिलं, की प्रकाश पडताच हे रेणू डीएनएच्या तुकड्यांना खरोखर जोडले जातात.

अशा रेणूंवर काम करणारी प्रयोगशाळा पाहिलीत तर तुम्हाला आपला शाळेचा डबा आठवेल. पोळ्या गुंडाळतात ना, तोच चंदेरी कागद इथे बाटल्याबाटल्यांना गुंडाळलेला असतो! उजेडाचा एक कवडसासुद्धा आत जाता कामा नये, नाहीतर औषध बाटलीतच जागं व्हायचं. परीक्षेसाठी पेशींच्या दोन तबकड्या घेतात. दोन्हींत सारखंच औषध घालतात. एक अंधारात ठेवतात, दुसरीवर ठरलेल्या रंगाचा प्रकाश ठरलेला वेळ टाकतात. मग मोजतात, की अंधारात किती पेशी मेल्या आणि उजेडात किती. या दोन आकड्यांत जितकं जास्त अंतर, तितका रेणू चांगला. अंधारातली तबकडी जिवंत राहिली, यातही तितकाच आनंद असतो.

पाण्यात विझणारा, गोफात पेटणारा

१८४४ हे साल आठवतंय ना? पेरोनेने सिसप्लॅटिन केलं ते साल. त्याच वर्षी दूर रशियात, कझान शहरात, कार्ल क्लाऊस या शास्त्रज्ञाने एक नवा धातू शोधला आणि रशियाच्या लॅटिन नावावरून त्याचं नाव ठेवलं रुथेनियम. एकाच वर्षी जन्मलेले हे दोघे पुढे एकाच कामाला लागणार होते!

रुथेनियमचे रेणू बहुधा नारिंगी-तांबडे असतात आणि प्रकाश पकडण्यात पटाईत. १९९० साली रसायनशास्त्रज्ञ जॅकलिन बार्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका रुथेनियम रेणूची जादूच दाखवली. हा रेणू नुसत्या पाण्यात असताना त्याच्यावर प्रकाश टाकला, तरी तो चमकत नाही. डीएनए घातलं, की लखकन चमकतो! असं का? त्याची एक बाजू लांब आणि चपटी असते. पुस्तकात खुणेचा कागद घालावा तशी ती डीएनएच्या पायऱ्यांमध्ये सरकते. बाहेर असताना पाण्याचे रेणू तिला बिलगून तिचा उजेड विझवतात. पायऱ्यांच्या आडोशाला पाणी पोचत नाही, म्हणून ती चमकते. वाऱ्यात विझणारी पणती कोनाड्यात ठेवली की तेवत राहते ना, अगदी तसं.

यातून दोन गोष्टी पक्क्या झाल्या. धातूचा रेणू नेमका गोफात शिरवता येतो, आणि प्रकाश त्याच्यात काय बदल करतो तेही मोजता येतं.

रुथेनियमचे काही रेणू आणखी एक काम करतात. पकडलेली ऊर्जा ते शेजारच्या ऑक्सिजनला देऊन टाकतात. आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन सौम्य असतो, पण ही ऊर्जा मिळाली की तो चवताळतो आणि पेशीत जे हाताला लागेल त्यावर तुटून पडतो. मात्र त्याचा हा आवेश सेकंदाचे लाख भाग केले, तर त्यातल्या एखाद्या भागापुरताही टिकत नाही. तेवढ्यात तो शेजारची पेशीसुद्धा गाठू शकत नाही. म्हणजे नुकसान होतं ते जिथल्या तिथे!

अशा एका रुथेनियम औषधाची कॅनडात माणसांवर चाचणी सुरू झाली. शेरी मॅकफार्लंड या रसायनशास्त्रज्ञ आणि त्यांच्या गटाने ते घडवलं. त्याचं नाव टीएलडी-१४३३. ते आहे मूत्राशयाच्या कर्करोगासाठी. मूत्राशय म्हणजे लघवी साठवणारी फुग्यासारखी पिशवी. तिथपर्यंत जायला शरीरातच वाट असते, त्यामुळे बारीक नळीने औषध आत सोडता येतं. कर्करोगाच्या पेशी ते भरपूर शोषून घेतात, उरलेलं धुऊन काढतात आणि मग पातळशा प्रकाशतंतूने आत हिरवा उजेड पसरवतात. अंधाऱ्या पिशवीत हिरवा दिवा! डोळ्यांसमोर आणून बघा.

हळदीला प्लॅटिनमचा आधार

आता आपल्या देशात येऊ, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत. तिथे प्राध्यापक अखिल चक्रवर्ती यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी लोखंड, तांबं, व्हॅनेडियम, कोबाल्ट अशा कितीतरी धातूंचे उजेडाने जागे होणारे रेणू घडवले. त्यातल्या एका रेणूची गोष्ट ऐकून तुम्ही उडालच, कारण त्यात आपली हळद आहे!

कर्क्युमिन उजेड छान पकडतो, हे डागाने आपल्याला शिकवलंच. पण त्याची एक पंचाईत आहे. शरीरातल्यासारख्या पाण्यात तो फार लवकर मोडतो, पेशीपर्यंत धड पोचतच नाही. मग या मंडळींनी काय केलं? चार हातांचा प्लॅटिनम घेतला. दोन हातांत अमोनिया तसाच ठेवला आणि क्लोरीनच्या जागी, उरलेल्या दोन हातांत, कर्क्युमिन दिला. आता गंमत बघा. प्लॅटिनमने धरून ठेवल्यामुळे कर्क्युमिन मोडत नाही, आणि कर्क्युमिनने हात अडवल्यामुळे प्लॅटिनम कुणाला गाठी मारत नाही. अंधारात दोघेही एकमेकांना सांभाळून असतात.

उजेड पडला, की जोडी सुटते. कर्क्युमिन ऑक्सिजनला चेतवतो आणि मोकळ्या हातांचा प्लॅटिनम सिसप्लॅटिनसारखाच गोफाला गाठ मारतो. एकाच किल्लीने दोन कुलपं उघडली! प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवरचं हे काम २०१५ साली प्रसिद्ध झालं.

मात्र यावरून कुणी असं समजू नका, की हळदीचं दूध प्यायल्याने कर्करोग बरा होतो. तसं होत नाही. घरात कुणी आजारी असेल, तर डॉक्टरांनी दिलेलं औषधच घ्यायचं. आपल्या डब्यातली हळद आणि प्लॅटिनमच्या हातात बसवलेला कर्क्युमिन, यांच्यामध्ये कितीतरी वर्षांची मेहनत उभी आहे.

तळहात आणि टॉर्च

"एवढं सगळं जमलंय, तर हे औषध अजून दवाखान्यात का मिळत नाही?" असं तुम्ही विचाराल. याचं उत्तर तुमच्या तळहातात आहे.

रात्री दिवे मालवा आणि मोबाइलचा टॉर्च तळहाताला टेकवून लावा. हात कसा दिसतो? लालबुंद! टॉर्चमध्ये तर सगळे रंग असतात. मग निळा आणि हिरवा गेला कुठे? तो तुमच्या कातडीने आणि रक्ताने शोषून घेतला. पलीकडे पोचला तो बहुतेक लालच.

इथेच खरी कोंडी आहे. निळ्या प्रकाशाच्या पुडीत ऊर्जा जास्त. रेणूचे हात सोडवायला ती चांगली, पण कातडीखाली थोडंसं जाताच ती संपते. लाल प्रकाश खोल जातो, पण त्याची पुडी हलकी. म्हणून शास्त्रज्ञांना आता असे रेणू हवे आहेत, जे अंधारात गाढ झोपतील आणि तरी लाल उजेडाच्या हलक्याशा टिचकीने जागे होतील. झोप गाढ हवी आणि जागही चटकन यायला हवी! किती अवघड आहे, ते रोज सकाळी शाळेसाठी उठणाऱ्या तुम्हाला सांगायला नको. त्यासाठी ते रेणूचा एकेक हात बदलून पाहतात: अमोनियाच्या जागी दुसरं काही, चपटी बाजू थोडी लांब, एखादा अणू इकडचा तिकडे.

दुसरी अडचण ऑक्सिजनची. कर्करोगाची गाठ इतक्या घाईने वाढते, की तिच्या पोटात रक्तवाहिन्या पुरेशा पोचत नाहीत. तिथे ऑक्सिजनच कमी असतो. मग चेतवायचं कुणाला? अशा जागी सॅडलर यांचा अ‍ॅझाइडवाला प्लॅटिनम उपयोगी पडू शकतो, कारण त्याला ऑक्सिजनची गरज लागत नाही. तो स्वतःच गोफाला गाठ मारतो.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे सबुरी. पेशींवर चालणारं औषध माणसाला देण्याआधी ते सुरक्षित आहे का, अंगाबाहेर कसं जातं, किती द्यायचं, हे सगळं तपासावं लागतं. त्याला वर्षानुवर्षं लागतात, आणि लागायलाच हवीत. उद्या ते औषध कुणाच्या तरी आजीला, कुणाच्या तरी मित्राला द्यायचं असतं.

करून पहा

आता एक प्रयोग. मोठ्या माणसाला सोबतीला घ्या.

पांढऱ्या सुती कापडाचा हातरुमालाएवढा तुकडा घ्या. वाटीभर कोमट पाण्यात चमचाभर हळद कालवून त्यात तो भिजवा आणि सावलीत वाळवा. मग लाकडी पाटावर कापड पसरा. त्याच्यावर जाड, चपटं पान ठेवा, वडाचं किंवा फणसाचं चालेल. पान हलू नये म्हणून कडांना चार खडे ठेवा. आता पाट कडक उन्हात ठेवून द्या. एक दिवस, ऊन कमी असेल तर दोन दिवस. मध्ये मध्ये उचलून बघायचा मोह होईल, पण थांबा.

मग पान हळूच उचला. भोवतालचं कापड फिकट पडलेलं असेल आणि मध्ये हळदीचं पान उमटलेलं असेल, देठासकट!

त्या पिवळ्या पानाच्या कडेवरून बोट फिरवा. कडेच्या एका बाजूला ऊन पोचलं, तिथल्या प्रत्येक रेणूचं रूप बदललं. दुसऱ्या बाजूचे, केसभर अंतरावरचे रेणू जसेच्या तसे राहिले. अशीच स्वच्छ कड आजारी पेशी आणि निरोगी पेशी यांच्यामध्ये आखता यावी, म्हणून बंगळुरूपासून वॉरिकपर्यंत कितीतरी माणसं चंदेरी कागदात गुंडाळलेल्या बाटल्या घेऊन रोज कामाला लागतात.

ते कापड जपून ठेवा. मात्र उन्हात नको हं, वहीच्या घडीत ठेवा!